आईचं ईएसआर ९८, कानशिलाच्या नसेला सूज आहे म्हणतात, पण डॉप्लर नॉर्मल. बायोप्सी करायची का? (ठाणे)

नौपाड्याची_लेक

नमस्कार, थोडं लांब लिहितेय, सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून. आई ७३ वर्षांची, नौपाड्यात आमच्याकडेच असते, बीपीची एक गोळी सोडली तर काही नाही, रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणारी. गणपतीनंतर तिचं डोकं दुखायला लागलं, उजवं कानशील जास्त. तिला आयुष्यात डोकेदुखी माहीत नव्हती. बाम लावायला गेलं तर हात लावू द्यायची नाही, फणी फिरवली तरी केसांची मुळं दुखतात म्हणायची, त्या कुशीवर झोपणं बंद. मग जेवताना जबडा दुखायला लागला, म्हणजे पहिला घास ठीक, चार-पाच घास चावले की गाल भरून यायचा, मग दोन मिनिटं थांबायची आणि परत चार घास. भाकरी तर सोडूनच दिली, वरण-भातावर आली.

दातांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढून एक दाढ काढली, दुखणं तसंच. मग एकांनी मानेचा स्पॉन्डिलायटिस सांगितला, तीन आठवडे पट्टा घातला. चष्म्याचा नंबरपण बदलून झाला. या सगळ्यात वजन ५ किलो उतरलं, संध्याकाळी अंगात कणकण, आणि सकाळी उठल्यावर खांदे इतके धरलेले असायचे की ब्लाउजच्या बाहीत हात घालायला मी लागायचे, दहा-अकरा वाजेपर्यंत जरा सुटायचं.

शेवटी आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी सुचवलं म्हणून एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी आईला एकच प्रश्न विचारला, चावताना दुखतं का आणि थांबलं की कमी होतं का. हो म्हटल्यावर कानशिलावर बोट ठेवून नस चाचपली, म्हणाले दोरीसारखी लागतेय आणि ठोका मिळत नाहीये. त्याच दिवशी रक्त द्यायला लावलं. ईएसआर ९८, सीआरपी ८६ (दोन्ही अंगातल्या सुजेचे आकडे), हिमोग्लोबिन ९.८, प्लेटलेट ५ लाख २० हजार. म्हणाले जायंट सेल आर्टरायटिस वाटतोय, रक्तवाहिन्यांची सूज, डोळा जाऊ शकतो, आणि रिपोर्ट बघून त्याच रात्री प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ५० मिलिग्रॅम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली डोकं उतरलं. मला रडूच आलं.

आता गोंधळ असा की नऊ दिवसांनी डॉप्लर, म्हणजे नसांची सोनोग्राफी झाली, तो नॉर्मल. डॉक्टर म्हणतात तरीही कानशिलाच्या नसेची बायोप्सी करून घेऊ. पुण्याहून दादा म्हणतो डॉप्लर नॉर्मल आहे तर कापाकापी कशाला आणि स्टिरॉइड तरी कशाला, कारण जेवणानंतरची शुगर २६० झालीये आणि तिला डायबिटीस कधीच नव्हता. आई म्हणते मला आता बरं वाटतंय, बंद करा. आज स्टिरॉइडचा बारावा दिवस आहे. कुणाच्या घरी हे झालंय का, आणि हा आजार आहे की नाही हे नक्की ठरवतात तरी कसं?

सीवूड्सवरून

ताई, पहिली गोष्ट, गोळी बंद करू नका. बायोप्सीचं काय ते नंतर ठरवा.

माझे बाबा ७८ वर्षांचे, चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचंही असंच डोकं, असाच जबडा, फक्त आम्ही जबड्याचं कुणाला सांगितलंच नाही, कारण वाटलं कवळी नीट बसत नाहीये. कवळी दोनदा घासून आणली. मग एका सकाळी पेपर वाचताना म्हणाले डाव्या डोळ्यापुढे राखाडी पडदा आल्यासारखं झालं, पाच-सात मिनिटांत गेलं. जिथे दाखवलं तिथे म्हणाले मोतीबिंदू पिकत आलाय, तारीख घेऊन जा. आम्ही तारीख घेतली. दोन दिवसांनी परत तेच, परत गेलं. आठव्या दिवशी सकाळी उठले आणि डावा डोळा गेलेला होता, पूर्ण. दुखलं नाही, लाल झाला नाही, काही नाही.

त्या दिवशी मुंबईला नेलं, ईएसआर १०४ आलं, तीन दिवस शिरेतून मिथाईलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेला डोळा येईल अशी आशा धरू नका, हे दुसरा वाचवण्यासाठी चाललंय. औषध नसेल तर दुसरा डोळा काही दिवसांत, एक-दोन आठवड्यांतही जाऊ शकतो म्हणाले. उजवा वाचला. बाबा आज एका डोळ्याने पेपर वाचतात, रस्ता ओलांडताना मात्र डावीकडची गाडी त्यांना दिसत नाही म्हणून कुणीतरी हात धरतं.

तुमच्या फिजिशियननी रिपोर्ट आल्या रात्री गोळी दिली, बायोप्सीची वाट बघत बसले नाहीत, हे तुमच्या आईच्या बाबतीत झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे. दादाला हे वाचायला द्या.

काचपट्टी_वाशी

मी वाशीत लॅबमध्ये २२ वर्षं काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे फक्त रिपोर्टबद्दल बोलते.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवून एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते. वयाप्रमाणे ते वाढतं. एक साधा हिशोब वापरतात, पुरुषांत वय भागिले २, बायकांत वयात १० मिळवून भागिले २. म्हणजे तुमच्या आईला ४१-४२ पर्यंत आम्ही फार दचकत नाही, पण ९८ म्हणजे अंगात काहीतरी नक्की चाललंय. काय चाललंय हे मात्र ईएसआर सांगत नाही. टीबी, कुठलं मोठं इन्फेक्शन, मायलोमा (रक्ताचा एक कॅन्सर), किडनीचा आजार, सगळ्यात शंभरी गाठलेली बघितलीये. नुसतं हिमोग्लोबिन कमी असलं तरी ते वर जातं. आणि उलटंही होतं, हा आजार असून ईएसआर नॉर्मल असलेले थोडे पेशंट असतातच, म्हणून सीआरपी सोबत करतात. दोन्ही एकदम नॉर्मल असणं फार कमी वेळा होतं. प्लेटलेट ४ लाखांच्या वर असणं पण या आजाराच्या बाजूने धरतात, तुमच्याकडे ५ लाख २० हजार आहेत.

सीआरपीचं एक सांगते, लोक हमखास फसतात. काही लॅब मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात आणि काही मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापट फरक. एका लॅबचं ८६ आणि दुसऱ्या लॅबचं ८.६ हे एकच आहे! मागे एका आजोबांचा मुलगा आनंदाने सांगायला आला की सीआरपी ६४ वरून ६ वर आलं, मी युनिट बघितलं तर काहीच उतरलं नव्हतं. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि युनिट वाचा. आणि हार्टसाठी जी एचएस-सीआरपी करतात ती मागवू नका, साधी सीआरपी मागा.

तुमचे आकडे स्टिरॉइड सुरू व्हायच्या आधीचे आहेत ना? तो कागद जपून ठेवा, लॅमिनेट नको करू, झेरॉक्स काढून ठेवा. पुढे दोन वर्षं प्रत्येक डॉक्टर तोच मागेल.

डोळ्यांचा_डॉक्टर_ऐरोली

मी नेत्रतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय निदान करत नाही, तुमचे डॉक्टर योग्य मार्गावर आहेत असं दिसतंय, पण एक गोष्ट आधी बघा. डॉप्लरच्या रिपोर्टवर सगळ्यात वर काय नाव लिहिलंय ते शब्दशः इथे लिहा.

नौपाड्याची_लेक

आत्ता फाइल काढली. "बायलॅटरल कॅरोटिड अँड व्हर्टिब्रल आर्टरी कलर डॉप्लर".

डोळ्यांचा_डॉक्टर_ऐरोली

मला हीच शंका होती. हा मानेतल्या मोठ्या नसांचा डॉप्लर आहे. कानशिलाची नस, म्हणजे टेम्पोरल आर्टरी, यात बघितलेलीच नाही. कॅरोटिडमध्ये चरबीचा थर बसून नस अरुंद झालीये का हे यातून कळतं, ते नाहीये ही चांगलीच बातमी, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर या रिपोर्टमध्ये नाही. चिठ्ठीवर नुसतं "डॉप्लर" लिहिलं की सेंटरवाले जो रोज करतात तो करून देतात, असं बऱ्याचदा होतं.

टेम्पोरल आर्टरीचा अल्ट्रासाउंड वेगळा. नस दोन-अडीच मिलिमीटरची, कातडीच्या लगेच खाली, त्यासाठी जास्त फ्रिक्वेन्सीचा बारीक प्रोब लागतो आणि हे आधी केलेला माणूस लागतो. सूज असेल तर नसेच्या पोकळीभोवती काळं वर्तुळ दिसतं, त्याला हेलो म्हणतात, चंद्राला खळं पडतं तसं. प्रोबने दाबलं तर निरोगी नस चपटी होऊन दिसेनाशी होते, सुजलेल्या नसेचं काळं वर्तुळ दाबूनही राहतं. सोबत काखेतल्या नसा पण बघायच्या, काही पेशंटमध्ये कानशील साफ असतं आणि सूज तिथे सापडते. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीत पहिली तपासणी म्हणून हाच अल्ट्रासाउंड सांगितलाय, अर्थात जिथे तो नीट येणारी माणसं आहेत तिथे. पण हेलो स्टिरॉइडने भराभर विरतो. पहिल्या आठवड्यात करायला हवा होता, आता बाराव्या दिवशी नॉर्मल आला तरी त्यावरून आजार नव्हता असं म्हणता येणार नाही. म्हणून तुमचे डॉक्टर बायोप्सीकडे वळतायत, बरोबर आहे. नसेच्या भिंतीतली सूज तुकड्यात जास्त दिवस दिसते. दोन आठवड्यांच्या आत केलेली बरी, त्यानंतरही काही आठवडे पुरावा मिळू शकतो, पण उगाच लांबवू नका.

आता नक्की ठरवतात कसं. यात अशी एक टेस्ट नाही की लागली दिवा, विझली अंधार. वय पन्नाशीच्या पुढे पाहिजे, बहुतेक पेशंट सत्तरीच्या आसपासचे, बायका पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट. मग तक्रारी. चावल्यावर भरून येणारा आणि थांबलं की उतरणारा जबडा ही माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण आहे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं ना, तेच इथे चावायच्या स्नायूंचं होतं, नस आतून सुजून अरुंद झाली की स्नायूला कामाच्या वेळी रक्त पुरत नाही. दाताचं दुखणं पहिल्या घासापासून दुखतं, हे चार घासांनंतर दुखतं. तुम्ही नेमकं तसंच लिहिलंय म्हणून मी एवढं लांब उत्तर देतोय. डोक्याच्या कातडीचं दुखणं पण तसंच. १८९० मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सननी एका म्हाताऱ्या माणसाचं लिहून ठेवलंय, कानशिलावर लाल सुजलेल्या रेघा होत्या आणि त्याला टोपी घालवत नव्हती. आपल्याकडे बायका फणी आणि अंबाड्याचं सांगतात, पुरुष उशी आणि हेल्मेटचं सांगतात. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेत हॉर्टननी अशा नसेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, म्हणून काही जण हॉर्टनचा आजारही म्हणतात.

२०२२ ची गुणांची यादी आहे. ईएसआर ५० च्या वर किंवा सीआरपी १० च्या वर असेल तर ३, जबड्याला २, नव्याने कानशील दुखण्याला २, कातडी दुखण्याला २, सकाळी खांदे किंवा मान धरण्याला २, अचानक नजर जाण्याला ३, आणि बायोप्सी पॉझिटिव्ह किंवा हेलो दिसला तर ५. सहा झाले की या आजारात धरतात. तुमच्या आईचे बायोप्सीशिवायच कमीत कमी ११ होतात. पण ही यादी अभ्यासासाठी पेशंट एकसारखे निवडायला केलीये आणि दुसरे आजार वगळल्यानंतरच लावायची असते, घरी बसून गुण मोजायला नाही. बारीक ताप, वजन कमी, ईएसआर शंभर, आपल्याकडे हे ऐकल्यावर टीबी आधी डोळ्यासमोर यायला हवा. छातीचा एक्सरे झालाय का?

खांदे धरणं हा याचाच जोडीदार, पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका. या आजाराच्या जवळजवळ निम्म्या पेशंटना ते असतं.

आणि डोळा. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला ज्या बारीक रक्तवाहिन्या पोसतात त्या बंद पडतात आणि तो भाग मरतो. म्हणून गेलेली नजर परत येत नाही. उद्याच कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे बाहुली मोठी करून दोन्ही डोळ्यांचे पडदे बघून घ्या. एक-दोन मिनिटंही पडदा आला किंवा एकाचे दोन दिसले तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

पाचपाखाडी_७

डॉक्टरांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझ्या मावशीला हेच झालं होतं, ८१ वर्षांची होती. तिची बायोप्सी केली नाही, लक्षणं आणि रक्तावरून औषध दिलं आणि ती बरी झाली. जर स्टिरॉइडने तिसऱ्या दिवशी डोकं उतरलं तर तेच निदान नाही का झालं? ७३ वर्षांच्या बाईचं कानशील कापून, आणि तेही निगेटिव्ह आलं तरी औषध चालूच ठेवणार असाल, तर कापायचं कशाला? हे मी खरंच विचारतोय, भांडायला नाही.

डोळ्यांचा_डॉक्टर_ऐरोली

प्रश्न अगदी रास्त आहे आणि हाच प्रश्न सर्जनला पण विचारायला हवा.

स्टिरॉइडने बरं वाटलं म्हणून हाच आजार, हे मी मानत नाही. स्टिरॉइडने पॉलिमायाल्जियाही दोन दिवसांत सुटतो, कितीतरी सांधेदुख्या सुटतात, काही कॅन्सरचा तापसुद्धा काही दिवस उतरतो. त्यावर विसंबलं तर दुसरं काही झाकलं जातं. आणि हे औषध आठ दिवसांचं नाही, वर्ष-दीड वर्ष, कित्येकदा त्याहून जास्त चालतं. सहा महिन्यांनी शुगर ३०० ला गेली, मणक्याचं हाड पिचलं, की घरातलं कुणीतरी विचारतंच, आजार खरंच होता का? तेव्हा हातात कागद नसला तर डॉक्टरही डळमळतात आणि डोस चुकीच्या वेळी उतरतो. बायोप्सी त्या दिवसासाठी करायची.

निगेटिव्ह आली तर? या आजारात सूज नसेत सलग नसते, मध्ये चांगला तुकडा, परत सुजलेला, म्हणून चांगला तुकडा हातात येऊ शकतो. तक्रारी आणि रक्त जोरदार असेल तर निगेटिव्हवर औषध थांबवत नाहीत. पण तक्रारी अर्ध्यामुर्ध्या असतील तर निगेटिव्ह रिपोर्टमुळे स्टिरॉइड लवकर उतरवायचं धैर्य मिळतं, तोही फायदाच. मावशींच्या बाबतीत ८१ वय आणि चित्र स्पष्ट, तिथे न करण्याचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

ऑपरेशन म्हणाल तर जागा बधिर करून केसांच्या कडेला छोटा छेद, अर्धा-पाऊण तास, त्याच दिवशी घरी. रक्त साकळणं, व्रण, आणि क्वचित भुवई उचलणाऱ्या मज्जातंतूला धक्का लागू शकतो, हे धोके सर्जनकडून ऐकून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि ताई, सर्जनला आवर्जून विचारा की तुकडा किती लांबीचा घेणार, कमीत कमी १ सेंटिमीटर पाहिजे, आणि फॉर्मलिनमध्ये तो आक्रसतो, म्हणून थोडा जास्तच घ्यावा. पॅथॉलॉजिस्टला एकाच ठिकाणी न बघता बरेच काप बघायला लावा.

काचपट्टी_वाशी

शुगरबद्दल एक. स्टिरॉइड सकाळी घेतात ना, त्यामुळे उपाशीपोटीची शुगर बऱ्यापैकी नॉर्मल येते आणि दुपारनंतर चढते. नुसती फास्टिंग करून सगळं छान आहे म्हणू नका, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी बोटातून बघा. आणि शुगर वाढली तर शुगरचं औषध सुरू होतं, स्टिरॉइड बंद होत नाही, हे दादांना सांगा.

घणसोलीकर

मध्येच घुसतोय, माफ करा. माझे सासरे, वय ७०, आज सकाळी उजव्या डोळ्यावर वरून शटर खाली आल्यासारखं झालं, दहा मिनिटांनी आपोआप गेलं. डोकं दुखत नाही. सिगारेट ओढतात. हे सगळं वाचून घाबरलोय, उद्या अपॉइंटमेंट मिळतेय, चालेल का?

डोळ्यांचा_डॉक्टर_ऐरोली

नाही चालणार. आत्ता, जिथे रात्री कॅज्युअल्टी आणि न्यूरोचे डॉक्टर आहेत अशा हॉस्पिटलला न्या. हा आजार असो वा मानेतल्या नसेतून गुठळी सुटलेली असो, दोन्हींत उद्याची वाट बघायची नसते. गेल्यावर सांगा "डोळ्यापुढे दहा मिनिटं पूर्ण अंधार आला होता", नुसतं "धूसर दिसतं" सांगू नका. ईएसआर, सीआरपी लगेच पाठवायला सांगा. गाडी त्यांना चालवू देऊ नका.

सीवूड्सवरून

निघा लगेच. आम्ही असंच "आपोआप गेलं" म्हणून बसलो होतो.

घणसोलीकर

अपडेट देतो, तीन दिवस झाले. त्या रात्रीच ॲडमिट केलं. ईएसआर १८, सीआरपी नॉर्मल, कानशील, जबडा काही नाही, म्हणजे ही नसांची सूज नाही. पण मानेचा डॉप्लर केला तर उजवी कॅरोटिड ८० टक्के बंद. डॉक्टर म्हणाले तो लकव्याच्या आधीचा इशारा होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या, व्हॅस्क्युलर सर्जन बघून गेलेत, ऑपरेशनचं ठरतंय. सिगारेट त्या रात्रीपासून बंद आहे. नौपाड्याच्या ताई, तुमचा धागा माझ्यासमोर आला नसता तर आम्ही अपॉइंटमेंटची वाट बघत बसलो असतो. सगळ्यांचे मनापासून आभार.

पाचपाखाडी_७

म्हणजे जो डॉप्लर ताईंच्या आईला लागत नव्हता, तोच यांना लागत होता. डॉक्टर, माझा मुद्दा मागे घेतो असं नाही, पण नाव वाचायचं हे कळलं.

नौपाड्याची_लेक

उशीर झाला लिहायला, क्षमा करा. सीवूड्सवाल्या दादांचं वाचून माझ्या दादाला फोनवर सगळं वाचून दाखवलं, तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आला. पंधराव्या दिवशी बायोप्सी झाली. सर्जनना लांबीचं विचारलं तर म्हणाले बरं झालं विचारलंत, आणि दीड सेंटिमीटर घेतला. टाके बारीक आहेत, केसांत झाकतात. आई म्हणाली दाढ काढताना जास्त दुखलं होतं.

रिपोर्ट काल आला. तो वाचून मी आधी हादरले, कारण त्यात लिहिलंय की जायंट सेल दिसल्या नाहीत. मला वाटलं संपलं, दादा म्हणत होता तेच खरं. पण पुढे लिहिलंय की नसेच्या भिंतीत पांढऱ्या पेशींची सूज आहे आणि आतला लवचिक पडदा जागोजागी तुटलाय, पोकळी अरुंद झालीये. फिजिशियन म्हणाले हा पॉझिटिव्हच रिपोर्ट आहे, आजाराच्या नावात जायंट सेल असल्या तरी प्रत्येक तुकड्यात त्या सापडतातच असं नाही, बऱ्याच पेशंटमध्ये सापडत नाहीत. आमच्यासाठी त्यांनी पॅथॉलॉजिस्टना फोन करून खात्री करून घेतली. मी हे मुद्दाम लिहितेय, कुणी रिपोर्टची पहिली ओळ वाचून गोळी बंद करू नये म्हणून.

छातीचा एक्सरे आधीच झाला होता, साफ आहे. टीबीची रक्ताची तपासणीपण केली, निगेटिव्ह. कारण डॉक्टर म्हणाले डोस उतरवताना आजार परत उसळला किंवा शुगर आवरली नाही तर टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन असतं, ते द्यायच्या आधी टीबी वगळावाच लागतो. आणि ते इंजेक्शन चालू असताना सीआरपी फसवं नॉर्मल दिसतं म्हणे, काचपट्टी ताई, हे तुमच्यासाठी. सध्या तरी ते लागत नाहीये. संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवायला सांगितलंय, परळला केईएममध्ये त्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे नेतोय, दादा रजा वाढवून थांबलाय.

डोळ्यांचे पडदे तपासले, दोन्ही चांगले आहेत. शुगरसाठी एक गोळी सुरू केली, दुपारची आता १९० च्या आसपास येते, फास्टिंग १०२. काचपट्टी ताई म्हणाल्या तसंच आहे, नुसती फास्टिंग करत राहिलो असतो तर कळलंच नसतं. कॅल्शियम, डी ३ आणि हाडांची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिलीये, ती उपाशीपोटी भरपूर पाण्यासोबत आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आईला रात्री झोप लागत नाही, दोन वाजता उठून भांडी आवरते, डॉक्टर म्हणाले डोस उतरला की कमी होईल, गोळी सकाळी आठच्या आत घ्या.

चार आठवड्यांनी ५० वरून ४० करायचं ठरलंय, मग हळूहळू, दोन-तीन महिन्यांत १५ ते २० वर यायचं आणि वर्षाने ५ किंवा त्याच्याही खाली. प्रत्येक पायरीआधी ईएसआर-सीआरपी, आणि आकडा नॉर्मल असला तरी जबडा, कानशील, डोळे यांचं रोज विचारायचं. मी कॅलेंडरवर तीन रकाने केलेत. काल आईने अर्धी भाकरी न थांबता खाल्ली, तेही लिहून ठेवलंय.

सीवूड्सवरून

ताई, एक राहिलं. तिच्या पर्समध्ये चिठ्ठी ठेवा, स्टिरॉइड चालू आहे, किती मिलिग्रॅम आणि कधीपासून, अचानक बंद करू नये. बाबा एकदा पायरीवरून पडले तेव्हा कॅज्युअल्टीत ती चिठ्ठी बघूनच त्यांनी डोस चुकू दिला नाही.

नौपाड्याची_लेक

लिहितेच आता. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून एक पर्समध्ये आणि एक तिच्या फोनच्या कव्हरमध्ये घालते. ४० वर आल्यावरचे रिपोर्ट इथे टाकीन.